दुसरी सभा बांधावर

आमच्या गावात सरपंच पुष्कळ झाले, पण राज्य केलं ते पंचायतीच्या एकाच कारकुनानं, भाऊसाहेबांनी. सहा सरपंच त्यांनी जेरीस आणले; त्यातला चौथा मी. तो राग अजून गेलेला नाही.

किडकिडीत माणूस. पायात चप्पल नाही, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ठरावबुक. जेवायला बसले तरी ते मांडीखाली. नवा सरपंच निवडून आला की गळ्यातला हार सुकायच्या आत त्याला खारबांधावर नेत आणि खाडीकडं बोट दाखवून म्हणत, "ही तुमच्या आधी होती, नंतरबी ऱ्हाणार हाय." खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून हा मातीचा बांध दरवर्षी भरावा लागतो, आणि प्रत्येक सरपंचाला तोच पैसा दुसरीकडं हवा असतो. म्हणून त्यांनी गावाकडून ठराव करून घेतला होता: बांधाची तरतूद हलवायची तर दोन सभा. एक उन्हाळ्यात देवळात, दुसरी पावसाळ्यात, भर उधाणाला, बांधावर उभं राहून. आणि हा ठराव बदलायचा तरी त्याच दोन सभा!

मी पेणच्या बाजारात हमालीपासून सुरुवात करून भाताची वखार उभी केलेला माणूस. मला वखारीपासून धरमतरकडं रस्ता हवा होता. उन्हाळ्यातली सभा चहा-भज्यांवर जिंकली. मग घासाघीस सुरू केली.

"भाऊसाहेब, दुसरीबी देवळातच घेऊ. नायतर बांधावर घेऊ, पण ओहोटीला."

"सरपंच, हा भाताचा भाव नाय. उधाण म्हंजे उधाण."

मी ठरावबुक आपटलं. त्यांनी ते उचललं, पुसलं, पिशवीत घातलं.

सभेच्या दिवशी पाणी बांधाच्या काठाला लागलं होतं, पायाखालची माती सुटत होती. त्यांनी छत्रीखाली माझा ठराव खणखणीत वाचला. एकही हात वर गेला नाही. मागून एक म्हातारी ओरडली, "सरपंचा, तुझा हात कुठं हाय रं?" माझे दोन्ही हात शेजाऱ्याच्या खांद्याला घट्ट धरून होते.

रस्ता गेला तो गेलाच. वखारीत यायला भात उरलं ते त्या बांधामुळं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्यांच्याजवळ मात्र कधी कबूल केलं नाही.

निवृत्त होऊन ते रोह्याला मुलाकडं गेले. मुलगा धाटावला कंपनीत. गेल्या पावसाळ्यात नव्या सरपंचानं दुसरी सभा देवळातच बोलावली, तेव्हा भडकलो मीच. अख्खं गाव बांधावर ओढून नेलं. ठराव पडला. तसाच एसटीत बसून रोहा गाठला.

त्यांनी मला ओळखलं नाही. हल्ली कुणालाच ओळखत नाहीत.

"दुसरी सभा झाली," मी म्हणालो.

"देवळात?"

"नाय. बांधावर. उधाणात."

त्यांनी वाकून माझ्या पायांकडं पाहिलं. चिखल मी मुद्दामच धुतला नव्हता. मग सुनेला हाक मारली, "गो, पाणी आण. आपल्या बांधावरचा माणूस आलाय."