एकदाच मारलेली हाक

“आवाज वाढवा,” भाऊसाहेब म्हणाले. मी वाढवला. “अजून.” अजून वाढवला. पुंडलिकनगरातल्या माझ्या स्टुडिओची काच थरथरायला लागली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. भाऊसाहेबांचा शेंद्र्याला कारखाना आहे. दिवसभर प्रेस मशीनजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला हळू आवाज म्हणजे बिघाड वाटतो.

मी सिनेमाचा साऊंड करतो. पडद्यावर दार करकरतं, पंखा फिरतो, कुत्रं भुंकतं, त्यातलं बरंचसं माझ्या खोलीत तयार झालेलं असतं. भाऊसाहेबांनी पैसा घातलेला भुताचा पहिला सिनेमा मोबाईलवर धो धो चालला होता. किंकाळ्या, विजा, पांढरंफटक तोंड, सगळा मसाला होता. आता त्याचा दुसरा भाग. दुसऱ्या भागाचं दुखणं एकच, भूत ओळखीचं झालेलं असतं. पहिल्यांदा आलेल्या व्याह्याचा जो धाक असतो, तो चौथ्या खेपेला राहत नाही. मग निर्माते दोन भुतं आणतात.

दोन्ही भागांची दिग्दर्शिका अश्विनी, मूळची पाचोडची. या खेपेला तिनं भूत दाखवलंच नव्हतं. भर दुपार, जेवणं उरकून घर झोपलेलं. सून एकटी गहू निवडतेय, आतल्या खोलीत तिची लेक पिंकी झोपलीय. बाहेरून बाईचा आवाज येतो, “पिंके!” एकदाच. आमच्याकडं एका हाकेला ओ देत नाहीत, भर दुपारी तर नाहीच. माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलावतो. ‘ते’ एकदाच बोलावतं. म्हणून सून गप्प बसून दुसऱ्या हाकेची वाट बघते. ती येत नाही. आणि आतून झोपेतच पोरगी म्हणते, “ओ!”

“एका हाकेनं कोण घाबरतंय?” भाऊसाहेब म्हणाले. “खरात, तीनदा टाका. इको द्या. वर म्युझिक चढवा.”

“तीनदा बोलावलं तर भीतीच जाईल, भाऊसाहेब,” अश्विनी म्हणाली.

“मॅडम, पाचोडला बाजारादिवशी ट्रायल शो लावू. पब्लिक घाबरली तर पिक्चर तुमचा. नाय घाबरली तर मी मुंबईचा डायरेक्टर आणतो.”

या सिनेमासाठी अश्विनीनं कॉलेजातली नोकरी सोडली होती. मला तिचं फार वाईट वाटलं, पण पैसे देणाऱ्याशी वाद घालायचा माझा स्वभाव नाही. मी हाक तीनदा टाकली. जुनं मिक्सिंग मात्र पुसलं नाही. या धंद्यात काहीच पुसायचं नसतं, कारण गिऱ्हाईकाचं मन कधी फिरेल याचा नेम नाही.

पाचोडला मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना काळं कापड लावलं. दुपारचा बाजार करून आलेल्या बायाबापड्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या. तो सीन आला. “पिंके!” हॉल चिडीचूप. “पिंके!” कुणीतरी खोकलं. तिसरी हाक इकोसकट दणाणली, तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अगं दे की ओ! तीनदा बोलवलं, माणूसच हाय ते!”

सगळा हॉल हसला. पुढं विजा कडाडल्या, तरी लोक हसतच होते.

भाऊसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. “तुमच्याच्यानं नाय व्हायचं मॅडम,” ते बाहेर येऊन म्हणाले.

“नवी माणसं बसवा आणि एवढाच सीन परत दाखवू द्या,” अश्विनी म्हणाली. “मी केला होता तसा. मग तुम्ही म्हणाल तसं.”

ते नाखुशीनं हो म्हणाले. मी लॅपटॉपवर जुनं मिक्सिंग लावलं आणि अश्विनीला विचारून म्युझिकही काढून टाकलं. फक्त पंख्याची घरघर ठेवली.

“पिंके!”

सून हात थांबवून बसली. हॉलही बसला. मी आजवर हजार आवाज ऐकलेत, पण दुसऱ्या हाकेची वाट बघणारी ती शांतता मला माझ्या मशीनवर कधीच करता आली नसती. मग आतून पोरगी म्हणाली, “ओ!”

“नको गं बाय!” एक बाई किंचाळली. शेजारणीनं शेजारी बसलेलं स्वतःचं लेकरू ओढून मांडीवर घेतलं.

“लोक भोळे हायत,” भाऊसाहेब म्हणाले. “मला तर कायबी वाटलं नाय.” एवढं बोलून ते मागच्या व्हरांड्यात गेले. अश्विनी माझ्याजवळ येऊन वायरी गुंडाळायला लागली.

सामान आवरायचं होतं आणि गाडीची किल्ली त्यांच्याकडं. मी हॉलमधूनच हाक मारली, “भाऊसाहेब!”

उत्तर नाही. दारातून त्यांची पाठ दिसत होती, चार पावलांवर. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात अश्विनीनं माझा हात धरला आणि मानेनंच नको म्हणाली. आम्ही थांबलो. भाऊसाहेब हलेनात, वळेनात.

शेवटी मलाच दया आली. “भाऊसाहेब! अहो भाऊसाहेब!”

“ओ!” ते वळले, कपाळ पुसत आत आले. आमच्या दोघांकडं बघितलं आणि काय झालंय ते त्यांनाही कळलं.

“एकदाच ठेवा हाक,” ते म्हणाले. “पिक्चर मॅडमचाच.”

दुसरा भाग पहिल्याला मागं टाकून गेला. नवे दिग्दर्शक स्टुडिओत येतात आणि विचारतात, काका, त्यात नवीन काय घातलं होतं? मी म्हणतो, दोन हाका काढल्या होत्या. ते वहीत काहीच लिहून घेत नाहीत आणि इको किती द्यायचा ते विचारतात.