आईने आज माझ्या ऑपरेशनला हो म्हटलं

मंडळी, दुपारी मैलापूरच्या हॉस्पिटलमधून परत आलेय आणि कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

वजन कमी करायचं ऑपरेशन करायचं की नाही, हे आज डॉक्टरांना सांगायचं होतं. शुगर, गुडघे, सगळंच हाताबाहेर गेलंय. त्यासाठी आई सांगलीहून चेन्नईला आलीय. खरं सांगू? मला वाटलं होतं, ती नकोच म्हणेल आणि तिच्या नकारामागे लपून मी सुटेन.

कारण दादाच्या वेळी ती नको म्हणाली होती. तोही माझ्यासारखाच जाड. "चांगलं पोट कशाला कापून घेतोस?" म्हणत तिने त्याला शपथ घातली. त्याने ऐकलं. गेल्या वर्षी तो हार्ट अटॅकने गेला.

डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, "आईंना काही बोलायचंय का?" मी ते आईला मराठीत सांगितलं. आई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "माझा मुलगा माझ्या शब्दाखातर थांबला. हिला मी थांबवणार नाही. फक्त जपून करा."

हे डॉक्टरांना इंग्रजीत मलाच सांगावं लागलं.

मी हो म्हणून आले. ऑटोत आईने माझा हात सोडला नाही. म्हणाली, "आता जिवाला जरा बरं वाटतंय गं."

ती आत झोपलीय. मला मात्र प्रचंड भीती वाटतेय.

तुम्ही माझ्या जागी असता, तर तिला ही भीती सांगितली असती का?