कापून टाकलेली केशरी पट्टी

मी एका मेलेल्या माणसावर खोटं लादलं आहे. गेल्या शुक्रवारपर्यंत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, घरात बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलो आहे खरा, पण कुठून सुरू करू?

रफिक आणि मी जालन्याच्या एमआयडीसीत एकाच रोलिंग मिलमध्ये होतो. भट्टीसमोर अंग भाजून निघायचं, म्हणून सुट्टीला पाण्याची ओढ. धरणाच्या फुगवट्यावर एक काका गळ टाकून मासे धरणाऱ्यांना भाड्यानं बोटीतून न्यायचे. लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितल्याशिवाय ते इंजिन सुरू करत नसत. "काठाला लागेपर्यंत काढायचं न्हाई. घाम येऊ द्या, मरत न्हाई कुनी घामानं." रफिकला पोहता येत नव्हतं. तो गेला त्या दिवशीही त्यानं पट्टे बराबर आवळले होते.

हे मुद्दाम लिहितो आहे. आवळले होते त्यानं.

मग त्याच्या गळाला रोहू लागला. हा एवढा मोठा! काकांची आमच्याकडं पाठ होती, ते इंजिनाच्या पंख्यात अडकलेलं शेवाळ काढत होते. मी मोबाइल काढला.

"उभा राह्य. आन् ते बोचकं काढ, हमालावानी दिसून राह्यला. भाभीला फोटो पाठवू."

"काका ओरडतील, यार."

"काकाला कुठं दिसून राह्यलं? का भाभीला फोन लावून विचारू, काढू का म्हणून?"

तो हसला. मासा माझ्या हातात देऊन त्यानं पट्टे सोडले, मासा परत घेतला. "जल्दी काढ मंग."

एक फोटो काढला. माशाची शेपटी आली नव्हती. म्हणून मी उठून मागं सरकलो आणि बोट कलली, रफिक पाण्यात गेला. एवढंच. माझ्या अंगात जॅकेट होतं. त्याचं माझ्या पायाशी पडलं होतं. ते फेकायचं का सुचलं नाही? काकांनी उडी मारली. मी नुसता ओरडत राहिलो. काकांच्या हाताला तो लागला तेव्हा उशीर झाला होता.

काठावर पोलीस आले. मी म्हणालो — उकडतंय म्हणून त्यानंच काढलं, मी नको म्हणत होतो. 'मी नको म्हणत होतो' हे तर कुणी विचारलंही नव्हतं. ते मी का जोडलं?

शबानाभाभींनी तो शेवटचा फोटो मागितला. पाठवण्याआधी मी तो कापला. खालच्या कोपऱ्यात, माझ्या बुटाजवळ, जॅकेटची केशरी पट्टी दिसत होती; ते माझ्या हाताशी होतं, हे त्यातून कळलं असतं.

तेव्हापासून भाभी त्याच्यावर रागावलेल्या आहेत. गेलेल्या नवऱ्यावरचा राग — तो कुठं ठेवत असतील त्या? दर ईदला मी जायचो आणि त्या म्हणायच्या, "कितना बोली थी मैं, भाईसाब. ऐकलं का ह्यांनी?" मी मान हलवायचो. शीरखुर्म्याची वाटी पुढं यायची. मी तीही संपवायचो.

गेल्या शुक्रवारी त्यांच्याकडं बसलो होतो. त्यांची मुलगी आयेशा कॉलेजातून स्कूटीवर आली, हेल्मेट हँडलला लटकवलेलं. भाभी भडकल्या. "बिलकुल बापावर गेली! तुलाबी तसंच मरायचंय?"

बाप गेला तेव्हा ही पोर नीट बोलतही नव्हती. ती दारातच थांबली. माझ्याकडं बघून तिनं हळू विचारलं, "अब्बा कुणाचंच ऐकत नव्हते का, चाचा?"

मला विचारलं तिनं. मला.

मोबाइल बदलत गेले तरी न कापलेला फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. कधी पुसला नाही, कधी उघडलाही नाही. तो उघडून मी दोघींच्या मधे धरला.

"भाभी, ही पट्टी रफिकच्या जॅकेटची. त्यानं बराबर घातलं होतं. मी काढायला लावलं, फोटोसाठी. तो नको म्हणत होता. बोटही माझ्यामुळंच कलली. मंग तुमच्याशी खोटं बोललो, इतकी वर्षं बोलत राह्यलो. आयेशा, तुझे अब्बा ऐकायचे गं. त्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं. माझं चुकलं, भाभी."