अध्यक्षांच्या जागी एकवीस नंबर

ज्या दालनात देश जन्माला आला, त्या दालनात मामा एकतीस वर्षं स्टुलावर बसले. देश जन्मला म्हणजे काय झालं, तर एका लांब टेबलाभोवती एकवीस माणसं जमली, तीन दिवस एकमेकांशी भांडली, आणि चौथ्या दिवशी एका कागदावर सह्या झाल्या. पुढे त्या इमारतीचं संग्रहालय झालं. टेबलाभोवती तांबडी दोरी आली, आणि दोरीच्या आत कुणी जाऊ नये म्हणून मामा आले. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकापुरतं. तिकीटवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते मामाच.

काम काय, तर बसायचं आणि 'हात लावू नका' म्हणायचं. पोटच्या लेकीला जितक्यांदा हाक मारली नसेल तितक्यांदा मामांनी हे तीन शब्द म्हटले असतील. त्याखालोखाल दुसरं वाक्य, 'उजवीकडे, जिन्याखाली'. कारण देशाच्या जन्मस्थानी आलेला माणूस सर्वांत जास्त काय विचारतो, तर बाथरूम कुठे आहे.

लोकांना आपल्या देशाच्या जन्माचं किती ठाऊक असतं, याचा मामांइतका अभ्यास कुठल्या प्राध्यापकाने केला नसेल. मूळ कागद तिथेच काचेत लावलेला. मामा एखाद्या गृहस्थाला हळूच विचारत, "साहेब, कागदावर सह्या किती?"

"एकवीस." कागदाकडे न बघता उत्तर. शाळेत पाठ केलेलं असतं ना, 'एकवीस थोर पुरुष'.

"मोजा की."

गृहस्थ बोट नाचवत मोजायचा. वीस भरायच्या. पुन्हा मोजायचा, पुन्हा वीस. आता हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण एका काळ्या चष्मेवाल्याने सांगितलं, "एक उडाली असेल, शाई जुनी आहे." एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हाला मोजता कधी येत होतं?" आणि भांडण मिटवायला मामांना मध्ये पडावं लागलं. एका मास्तरांनी चाळीस पोरं आणली. "मुलांनो, इथेच बसून आपल्या थोर पूर्वजांनी, ए, रांग मोडू नकोस, आपल्याला देश दिला. चला, डबे बाहेर." चार मिनिटांत राष्ट्राचा जन्म आटोपला. नुकतं लग्न झालेलं एक जोडपं मात्र तासभर थांबलं. मामा सुखावले. शेवटी नवरदेवाने विचारलं, "काका, या डिझाइनच्या खुर्च्या हल्ली कुठे मिळतात हो?"

एकविसावी सही का नाही? कारण एकविसाव्या सभासदाने ती केलीच नाही. इतर वीस जणांनी केली, हा उठला आणि निघून गेला. मामांना हे त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने सांगितलं होतं, आणि त्या माणसाची जागाही दाखवली होती, टेबलाच्या पार शेवटची. त्याला कुणी सांगितलं ते त्यालाच ठाऊक.

आता खरी गोष्ट. बारा वर्षांपूर्वी दालनाच्या लाकडी जमिनीला पॉलिश करायचं ठरलं. वेताच्या एकवीस खुर्च्या, सगळ्या एका छापाच्या, अध्यक्षांचीसुद्धा तशीच. फरक काय तो अध्यक्षांच्या जागी टेबलावर ठोकलेल्या पितळी पट्टीचा. खुर्च्या व्हरांड्यात काढताना मामांनी प्रत्येकीच्या पाठीवर खडूने नंबर घातला, टेबलावर त्या त्या जागी तोच नंबर. चोख काम. तिसऱ्या दिवशी पॉलिशवाला हसत हसत आला. "मामा, खुर्च्या फार मळल्या होत्या. ओल्या फडक्याने पुसून ठेवल्यात. बघा कशा चकचकीत!"

मामा व्हरांड्यात गेले. एकवीस जुळ्या बहिणी उन्हात बसलेल्या.

आठवून आठवून त्यांनी त्या लावल्या. हिचा वेत फाटलाय, ती खिडकीजवळची. हिच्या हाताला शाईचा डाग, ती सचिवांची. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि साहेबांच्या हुकमाने सगळ्या खुर्च्या जमिनीला स्क्रूने पक्क्या करून गेला, म्हणजे पुन्हा गोंधळ नको. आठवडाभराने कुणा पोराने अध्यक्षांच्या खुर्चीच्या बुडाला च्युइंगगम चिकटवला. तो खरवडायला मामा उताणे पडून आत सरकले, आणि त्यांना लाकडात पटाशीने कोरलेला आकडा दिसला. एकवीस. तसेच सरपटत दालनाच्या दुसऱ्या टोकाला, सही न करणाऱ्याच्या खुर्चीखाली गेले. तिथे एक. कचेरीतली जुनी यादीवही काढून पाहिली. एक नंबर अध्यक्षांचा, एकवीस नंबर शेवटच्या जागेचा, म्हणजे त्या माणसाचा. बाकीच्या खुर्च्यांखालचे आकडेही ताडून पाहिले. एकोणीस खुर्च्या बरोबर लागल्या होत्या, आणि नेमक्या या दोन चुकल्या होत्या. लोक हात जोडत होते, फोटो काढत होते, पाहुणे राष्ट्रप्रमुख क्षणभर डोळे मिटून उभे राहत होते, ते सगळं सही न करणाऱ्याच्या खुर्चीपुढे!

त्या संध्याकाळी जेवण जाईना. बायकोने ताट सरकवलं. "झालं काय ते तरी सांगा."

मामांनी सांगितलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "अहो, आपण होऊन कशाला सांगता? दालनातून उचलून तळघरात बसवतील. ज्याला कळत असेल तो विचारेल. त्याने विचारलं की सांगून टाका. खोटं बोलायचं नाही, एवढंच."

तेव्हापासून रोज मामा घरी आले, चपला काढल्या, की आतून आवाज यायचा, "काय हो, आज विचारलं का कुणी?"

"विचारलं की. बाथरूम कुठे आहे!"

आठ वर्षं हा एकच विनोद त्या दोन खोल्यांत रोज ताजा होता. लेक लांबच्या शहरात, तिच्या संसारात. तिला कधी सांगितलं नाही, ही दोघांचीच गंमत. मग बायको आजारी पडली आणि महिन्याभरात गेली. विचारणारीच गेली. मामा घरी येत, चपला काढत, आणि उगीचच थोडा वेळ दारात उभे राहत. एवढ्या मोठ्या देशात आता त्या दोन खुर्च्यांचं एकट्या त्यांनाच माहीत होतं. गर्दीत बसून माणूस किती एकटा होऊ शकतो, ते त्यांना तेव्हा कळलं. दिवसाला पाचशे माणसं समोरून जायची, आणि त्यातलं एकही जे विचारायला हवं ते विचारायचं नाही.

निवृत्तीला तीन आठवडे उरले तेव्हा भिंतीवर कॅमेरा बसला आणि दारात कानाला लावून माहिती ऐकायच्या यंत्रांची पेटी आली. मामांच्या जागी माणूस येणार नव्हता. म्हणजे गुपित द्यायचं कुणाला? यंत्राच्या पेटीला? आपण गेलो की खुर्च्या कायमच्या चुकीच्या, आणि चुकीच्या आहेत हे ठाऊक असणाराही कुणी नाही. हे त्यांना गिळवेना. लोक विचारत नाहीत तर नाही. एका सोमवारी, संग्रहालय बंद असतं त्या दिवशी, ते अधिकारीबाईंच्या खोलीत गेले. बाई लेकीच्या वयाच्या, कामाला कडक, पण मामांना मान देणाऱ्या.

"बाई, एक गुन्हा सांगायचाय. बारा वर्षांचा आहे."

"मामा, दार लावू का?" बाई हसल्या. मग ऐकत गेल्या आणि हसू कमी होत गेलं. ऐकून झाल्यावर उठल्या, दालनात आल्या, दोरी ओलांडली, साडी खोचली आणि मोबाइलचा दिवा लावून अध्यक्षांच्या खुर्चीखाली शिरल्या. एकतीस वर्षांत दोरीच्या आत गेलेल्या माणसाला मामा पहिल्यांदाच 'हात लावू नका' म्हणाले नाहीत.

"एकवीसच आहे हो!" खालून आवाज आला. मग दुसऱ्या खुर्चीखालून, "आणि हा एक!" बाहेर आल्या तेव्हा केसांत कोळ्याची जाळी अडकलेली. "मामा, तुम्ही मला अडचणीत टाकलंत. पोस्टाच्या तिकिटावर हीच खुर्ची आहे. पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर हीच आहे."

"मग हलवायची नाही?"

"मी कळवते वर. वरचे म्हणतील समिती नेमा. समिती म्हणेल, लोकांना काय फरक पडतो." त्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिल्या. "बारा वर्षं सगळा देश त्या माणसापुढे उभा राहिला म्हणायचा. नाव काय हो त्याचं?"

मामांनी आठवून पाहिलं. यादीवहीत फक्त 'सभासद' लिहिलं होतं. म्हाताऱ्या पहारेकऱ्यानेही नाव सांगितलं नव्हतं. खुर्चीखालचा आकडा ठाऊक, वेताच्या गाठी ठाऊक, पण ज्याची खुर्ची त्याचं नाव नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या अडाणीपणाला हसले, आणि स्वतः? नाव कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"तुम्हालाही माहीत नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "आणि माझी पदवी इतिहासाची आहे. शोधते. सापडलं की तुम्हाला पहिला फोन."

त्या संध्याकाळी मामा घरी गेले. ओझं उतरलं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मामांना रितं वाटलं. बारा वर्षं जपलेली दोघांची गोष्ट आता तिसऱ्याची झाली होती, कागदावर चढून वर जाणार होती. बायकोबरोबरचं उरलेलं शेवटचं काही आपण कचेरीत जमा करून आलो, असं वाटून त्यांनी चूल पेटवलीच नाही. दुपारचा अर्धा डबा उरला होता, तो खाल्ला.

निवृत्तीचा समारंभ पंधरा मिनिटांचा. हार, चहा, दोन भाषणं. एका भाषणात त्यांचं नाव चुकीचं घेतलं, कारण नाव कुणाला पाठ होतं? मग घर. घरी बसलेल्या माणसाचा दिवस म्हशीसारखा, ढोसलं तरी हलत नाही. मामा सकाळी उठून घरातल्या दोन्ही खुर्च्या पुसत. लेकीचा फोन रविवारी. "बाबा, जेवलात का? औषध घेतलं का? बरं, ठेवते." वाक्यं चांगली होती, मायेची होती, पण 'उजवीकडे, जिन्याखाली' सारखीच रोजच्या वापराची.

दीड महिन्याने, सकाळी अकराच्या सुमारास, बाईंचा फोन आला. "मामा, सापडलं. जुन्या हजेरीपत्रकात होतं. लिहून घेता?" त्यांनी नाव सांगितलं. थोर पुरुषाचं वाटावं असं नाव नव्हतंच ते. कुणाही शेजाऱ्याचं असावं असं. मामांनी ते वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, फोन ठेवला, आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, ऐकलंस का..."

नळ ठिबकत होता.

लेकीला फोन केला. "बाबा, कामात आहे, काही तातडीचं नाही ना?" नाही म्हणाले. तातडीचं कसं असणार? पण घरात बसवेना. नाव पोटात मावत नव्हतं. वर्तमानपत्राची कड फाडून खिशात घातली, जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरले.

"या मामा! परवाच तर कापले की केस. काय राहिलं त्यात?"

"दाढी कर."

"ती पण केली होती परवा."

"मग उगीच बसू दे."

न्हाव्याने खुर्ची फिरवून दिली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मामांनी मग सगळं सांगितलं. पॉलिश, खडू, फडकं, च्युइंगगम, दोन आकडे, आणि शेवटी खिशातून कपटा काढून नाव वाचलं. न्हावी वस्तरा घासत ऐकत होता. त्याच्याकडून हसण्याची अपेक्षा होती. पोस्टाच्या तिकिटावर भलतीच खुर्ची, यावर कोण हसणार नाही?

"ते सगळं ठीक आहे मामा," न्हावी म्हणाला, "पण सही का नाही केली त्यानं?"

"अं?"

"चार दिवस बसला ना तिथं? भांडला ना सगळ्यांबरोबर? मग आयत्या वेळी उठून गेला म्हणजे काहीतरी कारण असणार. उगीच नाही कुणी उठत."

मामा खुर्चीत सरळ होऊन बसले. बारा वर्षं प्रश्नाची वाट पाहिली, आणि त्यांना वाटत होतं तो प्रश्न हा नव्हताच. हा तर त्यांना स्वतःलाही कधी पडला नव्हता.

"माहीत नाही रे," ते म्हणाले.

"मग विचारा की त्या बाईंना. त्यांनी नाव काढलं, कारणही काढतील. पण विचारून आलात की इकडं येऊन सांगा हां. नाहीतर बसाल घरात एकटेच चघळत." न्हाव्याने फडकं झटकलं. "करायचीय का दाढी?"

"नको," मामा म्हणाले, आणि घाईने उठले. साडेअकराची बस गेली असती तर पुढची एकला होती, आणि दुपारी बाई जागेवर नसतात.