डिक्शनरींची बोटं

डिक्शनरींबद्दल गोदामवाल्याला खात्रीने सांगता येईल असं फारच थोडं होतं. एकोणीस वर्षं दोघं एकाच स्पेअर पार्टच्या दुकानात, डिक्शनरी वर काउंटरवर आणि तो खाली तळघरातल्या गोदामात. पण त्यांना भाऊ-बहीण होते का, संध्याकाळी ते कुठे जेवत, लग्न राहून गेलं की केलंच नाही, हे त्याने कधी विचारलं नाही. आधी धीर झाला नाही आणि मग विचारायची वेळ निघून गेली.

डिक्शनरी हे नाव मेकॅनिक मंडळींनी ठेवलेलं. कुठलाही पार्ट मागा, ते त्याच्या नावाचा अर्थ सांगत. डॅशबोर्ड म्हणजे मूळची घोडागाडीची फळी, टापांनी उडणारा चिखल अडवणारी. चोक म्हणजे गळा आवळणं, इंजिनाची हवा कोंडतो म्हणून चोक.

"आणि डिफरन्शियल?" एका जाड्या मेकॅनिकने एकदा विचारलं.

"वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांतला फरक सांभाळून घेतो तो."

"म्हणजे आमच्याकडे माझी आई. तुमच्या घरी कोण हो?"

"मला काय गरज? माझी एकचाकी."

सगळे हसले. जिन्यात खोकं घेऊन उभ्या असलेल्या गोदामवाल्याला मात्र हसू आलं नाही.

गिऱ्हाइकं झिजलेला पार्ट फडक्यात बांधून आणत. डिक्शनरी फडकं सोडत, छताकडे बघत त्यावरून बोटं फिरवत आणि नाव, गाडी, मॉडेल सगळं सांगून टाकत. लोकांना ती करामत वाटे.

एक दिवस तोच जाड्या तणतणत आला. इंजिनाच्या बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या त्याने काउंटरवर आपटल्या.

"अहो, हिरवा ठिपका सांगितला होता. हा निळा आहे. इंजिन बांधून मोकळा झालो असतो तर?"

या वाट्यांच्या जाडीत केसाइतकाही फरक नसतो. तो बोटाला कळत नाही, फक्त कडेचा रंगीत ठिपका सांगतो. डिक्शनरींनी वाटी डोळ्यांजवळ नेली, मग आणखी जवळ, पार नाकापर्यंत. तेव्हा खोकं ठेवायला वर आलेल्या गोदामवाल्याला त्या करामतीचा उलगडा झाला. मालकाला कळलं असतं तर काउंटर गेलं असतं, आणि काउंटर गेलं तर या माणसाशी दिवसभरात कोण चार शब्द बोलणार होतं?

दुसऱ्या दिवशी त्याने वाट्यांचे सगळे डबे खाली नेले.

"वर खणात जागा पुरत नाही," तो म्हणाला.

"बरं केलंत," डिक्शनरी म्हणाले.

तेव्हापासून वरून हाक यायची, "हिरवी, एक सेट." तो हिरवी घेऊन जिना चढायचा. दीड वर्ष असं चाललं. त्याबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही.

मग गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तो लेकीकडे गेला. बदलीच्या माणसाला जिन्याचा कंटाळा. त्याने पहिल्याच दिवशी डबे उचलून काउंटरच्या खणात ठेवले. वाट्या खालीच राहू देत, एवढं निघण्याआधी त्या माणसाला सांगता आलं असतं. पण त्याने का म्हणून विचारलं असतं, आणि तिथेच गोदामवाल्याची जीभ अडली होती.

तो परत आला तेव्हा काउंटरवर मालकाचा जावई होता. भलत्याच ठिपक्याच्या वाट्या बसून एका टॅक्सीचं इंजिन जाम झालं होतं. डिक्शनरींना कुणी जा म्हटलं नव्हतं. ते आपणहून चष्म्याचं घर खिशात घालून निघून गेले होते. त्यांची खोली कुठल्या गल्लीत आहे, हे दुकानात कुणालाच सांगता येईना.

लेकीकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी शटर ओढताना दोघं बोलले होते, ते तेवढंच.

"येतो मग महिन्याभराने."

"या. खालचा दिवा मालवलात ना?"

"मालवला."

"बरं. जिना सांभाळून उतरा लेकीकडचा."