सगळे चेहरे सारखे

आमच्या लातूरच्या क्लासचे फ्लेक्स चौकातल्या दुकानातला डिझायनर बनवतो, तेही फुकटच्या सॉफ्टवेअरवर. मी दुरुस्त्यांची यादी घेऊन गेले की तो आधी स्वतःची यादी दाखवतो: सॉफ्टवेअर करणाऱ्या परदेशी लोकांकडे केलेल्या मागण्या. सुरुवात ठरलेली, "लातूरहून नमस्कार." एका क्लिकमध्ये सगळ्या पोरांना टाय, ही मागणी अजून पडून आहे.

परवा मी दुकानात शिरले, तर हा खुर्चीवर उभा. "म्याडम, दिलं की हो त्यांनी! सगळे चेहरे सारख्या मापाचे करायचं बटण!"

मी टाळ्याच वाजवल्या. 'आमच्या पोराचा फोटो बारका का?' म्हणून पालक दरवर्षी भांडतात. यंदा भांडण झालं तर काम दुसऱ्याला, असं क्लास चालवणाऱ्या सरांनी बजावलं होतं.

फ्लेक्स लागला. पालक खूश. सर मात्र चाळीस गुणवंतांत स्वतःला शोधत होते.

"मी कुठंय?"

"तिसऱ्या ओळीत, सर. बटणानं तुमालाबी सोडलं न्हाई."

सर लाल झाले. तेवढ्यात एका आजोबांनी सरांच्या फोटोवर काठी टेकवली. "ह्ये टकलं पोरगं कितवं आलं हो?"

सर खो खो हसत सुटले. काम वाचलं. हा मात्र मोबाइलवर लिहायलाही लागला होता: "लातूरहून नमस्कार. सरांसाठी एक वेगळं बटण लागतंय."