सरकाकांनी हात न लावता दुरुस्त केलेली स्कूटर

माझी स्कूटर सरकाकांनी दुरुस्त केली, आणि तीही तिला बोट न लावता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी भरकटणार आणि ज्यांचं नाव घ्यायचं तेच राहून जाणार. सरकाका भुसावळच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुलाकडे, परदेशात पिस्कॅटवेला आले. कुणी त्यांना सर म्हणे, कुणी काका. दोन्ही मिळून सरकाका झालं. त्यांचे दोन्ही हात कापायचे. कंपवात होता. चहा ते अर्धाच कप घ्यायचे. पूर्ण कप समोर आला की म्हणायचे, "अर्धा बशीत जाणार, मग कपात कशाला घालता?" आणि स्वतःच हसायचे. आपण हसावं की नाही, ते मात्र कळायचं नाही. पाहुणे आले की उजवा हात मांडीखाली घालून बसायचे.

मी त्यांच्याकडे आणि आणखी काही घरी पोळ्या करायला जायचे. नणंदेने कागदपत्रं करून आम्हा दोघांना तासगावहून इकडे बोलावून घेतलं होतं. माझी शाळा नववीत सुटली. मोठ्या बहिणीचं बाळंतपण आलं, घरात आईला हात हवा होता. चार दिवसांसाठी म्हणून थांबले ती थांबलेच. त्यामुळे इथे कुणी इंग्रजीत काही विचारलं की मी मागे सरायचे, आणि मराठीत विचारलं तरी थोडी सरायचेच. उत्तर चुकलं तर, ही भीती काही भाषेवर नसते. मिस्टर वेअरहाउसमध्ये कामाला होते. तिथे खोकी उचलताना पाठ धरली आणि ते अंथरुणाला खिळले. त्यानंतर आमचं घर माझ्या पोळ्यांवर चाललं, आणि पोळ्या चालायच्या स्कूटरवर. मोटार चालवायला मी शिकले नव्हते, आणि आमच्या भागातून या घरांकडे बस जात नाही.

सरकाकांची एक सवय मला सुरुवातीला फार जड जायची. ते प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. "शोभा, कणीक उन्हाळ्यात भिजवलीस की सैल पडते, थंडीत का नाही पडत गं?" मी म्हणायचे, "मला काय माहीत काका, मी कुठे शिकलेय." दुसरं कुणी असतं तर उत्तर सांगून मोकळं झालं असतं. हे नाही. लाटणं थांबायचं, तवा तापत राहायचा, आणि हे माझ्याकडे बघत बसायचे, वेळ सगळा आपलाच असल्यासारखे. शेवटी काहीतरी बोलावंच लागायचं. बोलले की ते ना बरोबर म्हणायचे, ना चूक. म्हणायचे, "हं. मग पुढे?"

त्या थंडीत स्कूटर त्रास द्यायला लागली. चालता चालता मध्येच सगळं बंद. दिवा नाही, हॉर्न नाही, बटण दाबलं तर आवाजसुद्धा नाही. सीटखालचा फ्यूज गेलेला असायचा. नवा घातला की दोन वळणांत तोही जायचा. दुकानवाल्याने फोनवरच सांगितलं, असल्या गाड्या आम्ही दुरुस्तीला घेत नाही. एका घरी उशीर झाला, मग दुसऱ्या घरी. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण त्या एकदा म्हणाल्या, "शोभाताई, असं असेल तर मला दुसरी कुणीतरी बघावी लागेल. पुढच्या आठवड्यापर्यंत बघा." मला रागसुद्धा आला नाही. त्यांची मुलं उपाशी शाळेत जाणार असतील तर त्या तरी काय करणार? त्या रात्री मी मिस्टरांना काही सांगितलं नाही.

मग मला भाऊ आठवला. तासगावला त्याच्या जुन्या गाडीचा फ्यूज गेला की तो सिगरेटच्या पाकिटातली चांदी त्याला गुंडाळायचा आणि खुशाल हिंडायचा. माझ्याकडे तर चांदीचा रोलच होता, पोळ्या बांधायचा. फ्यूजला गुंडाळली. गाडी चालली! मी इतकी खूश झाले की सरकाकांच्या दारात स्कूटर लावून आत गेले आणि आल्या आल्या त्यांनाच सांगितलं.

त्यांना रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते उठून, भिंत धरत, गॅरेजच्या दारापर्यंत आले. नाक पुढे करून वास घेतला. "जळल्याचा वास येतोय. येतोय ना? अगं, फ्यूज स्वतः जळून तुला सांगत होता की आत काहीतरी बिघडलंय. तू त्याचंच तोंड बांधलंस. आता फ्यूज नाही जळणार. वायर जळेल, आणि वर तू बसलेली असशील." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "काढ ती चांदी. आत घे गाडी. दोष शोधू."

त्यांचा मुलगा निखिलदादा घरून काम करत होता, तो कानात हेडफोन तसाच ठेवून बाहेर आला. "बाबा, प्लीज. मागच्या वेळी सोल्डरिंग करताना हात भाजून घेतलात. मी वीकेंडला बघतो ना यूट्यूबवर."

"वीकेंडपर्यंत हिची घरं जातील," सरकाका म्हणाले. "आणि मी हात लावतच नाहीये. हे बघ." आणि उलट्या बादलीवर बसून त्यांनी लहान मुलासारखे दोन्ही हात मांड्यांखाली घातले. निखिलदादाने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. तो म्हणाला, "ओके, पण शोभाताई, काही झालं तर मला हाक मारा." आणि मीटिंगला गेला.

मग सुरू झालं. त्यांनी मला मोटारीच्या जुन्या इंडिकेटरचा एक बल्ब आणायला सांगितला, त्याला दोन वायरी जोडायला लावल्या आणि तो फ्यूजच्या जागी लावायला सांगितला. स्कूटरच्या पुढच्या मोठ्या दिव्याची जोडणी सोडवून ठेवायला लावली, त्याच्या ओढीने बल्ब उगाच पेटू नये म्हणून. "आता फ्यूज जळायच्या ऐवजी हा बल्ब पेटेल. मंद असला तर ठीक. लख्ख पेटला म्हणजे वीज वाट सोडून पळतेय. कुठे पळत असेल? अंदाज सांग, मग हात लाव."

"मला नाही येत, काका."

ते थांबले.

"मागच्या दिव्याकडे असेल," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"मागच्या वायरी हलवून बघ. दोष तिथे असेल तर बल्ब लख्ख होईल."

बल्ब मंदच राहिला. माझा चेहरा पडला असणार, कारण ते म्हणाले, "रडतेस काय? चुकलेल्या अंदाजाने एक वायर कमी झाली. आता उरलेल्यात शोधायचं. शाळेत मी हेच सांगून थकलो, पोरं मात्र चूक लपवायलाच शिकली. पुढचा अंदाज?"

असं किती वेळ चाललं ठाऊक नाही. मी सांगायचे, चुकायचे, एकेक वायर हलवून बल्ब बघायचे. माझी बोटं गारठली होती. त्यांच्या खांद्यापर्यंत कंप चढला होता, पण आवाज अगदी स्थिर. नात शाळेतून आली, बॅग टाकून दारात उभी राहिली. "आजोबा, इज इट फिक्स्ड?"

"नो. बट शोभा इज व्हेरी क्लोज," सरकाका म्हणाले. मला क्लोज कळलं, उत्तराच्या जवळ. मी क्लोज आहे असं आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं.

मग मला एक गोष्ट आठवली. ती सांगायची लाज वाटत होती, पण एव्हाना चुकायची सवय झाली होती. "काका, फ्यूज नेहमी वळणावर जायचा. तुमच्या गल्लीत डावीकडे वळताना."

ते बादलीवरून अर्धे उठले. "मग फिरव की हँडल!"

मी हँडल डावीकडे फिरवलं. बल्ब लख्ख पेटला. उजवीकडे केलं, मंद झाला. परत डावीकडे. लख्ख. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा होता; त्यातल्या एकीचं कव्हर लोखंडावर घासून घासून गेलं होतं आणि डावीकडे वळलं की तिचं उघडं तांबं लोखंडाला चिकटत होतं. काळी टेप मी गुंडाळली. जुडगा जरा बाजूला घेऊन बांधला. मोठा दिवा जोडला, नवा फ्यूज घातला, बटण दाबलं, गाडी सुरू झाली. मी वळून बघितलं तर सरकाकांनी हात मांड्यांखालून बाहेर काढले होते. ते टाळी वाजवायला बघत होते. हात एकमेकांना सापडत नव्हते.

त्या बाईंचं घर राहिलं. सगळीच घरं राहिली. मिस्टर उठून बसेपर्यंत आम्ही त्यावर तरलो.

पुढच्या उन्हाळ्यात निखिलदादाची नोकरी बदलली आणि ते सगळे मिनेसोटाला, ईडन प्रेरीला गेले. निघायच्या दिवशी मी पोळ्या करून नेल्या. सामान ट्रकमध्ये चढत होतं. सरकाका मोटारीत आधीच बसले होते, बेल्ट लावून. त्यांना खूप काही बोलायचं होतं बहुतेक, पण तोपर्यंत आवाजही बारीक झाला होता. मी खिडकीशी वाकले. ते म्हणाले, "परीक्षा दे." इथे मोठ्या माणसांनाही शाळेची परीक्षा देता येते, हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं होतं. मी म्हटलं, "नापास झाले तर?" ते म्हणाले, "मग पुढचा अंदाज." मोटार निघाली. त्या रिकाम्या ड्राइव्हवेवर मी हेल्मेट हातात धरून किती तरी वेळ उभी राहिले, जायचं घर माहीत असूनही.

मी क्लासला जाते आता, शनिवारी. गणितात एकदा नापास झाले. सांगायला फोन केला, तर निखिलदादा म्हणाला, "बाबांचं बोलणं आता कळत नाही शोभाताई. व्हिडिओ लावतो." पडद्यावर ते खूप लहान दिसले. मी म्हटलं, काका, नापास झाले. ओठ हलले. आवाज आला नाही. मी थांबले, त्यांच्याकडे बघत, घाई न करता. डोळ्यांतून पाणी आलं, त्यांच्या की माझ्या, फोन इतका हलत होता की कळलं नाही. नंतर निखिलदादा बाजूला जाऊन हळूच म्हणाला, की ते जेवत नाहीत. भरवायला एक बाई येते, चांगली आहे, पण तिला पुढच्या घरी जायचं असतं. घाई झाली की ते तोंड मिटून घेतात.

घाई कशी असते ते मला माहीत आहे, त्यामुळे त्या बाईला मी काही म्हणत नाही. पण काका, मी येणार आहे. मिस्टर परत कामावर रुजू झाले की पहिली सुट्टी तुमचीच. विमानाची मला भीती वाटते, ते बघेन. तुमच्या स्वयंपाकघरात पोळी करीन, दुधात कुस्करीन आणि तुमच्याजवळ बसेन. एक घास देईन आणि तुम्ही तोंड उघडेपर्यंत थांबेन. कितीही वेळ लागला तरी थांबेन. तोवर तेवढे राहा.